गाडीच्या अपघातानंतर मान-कंबर धरली? मणक्याच्या गादीचं नक्की काय झालंय ते कसं ओळखायचं

गाडीला मागून धडक बसते, आपण दार उघडून स्वतःच्या पायावर बाहेर येतो, समोरच्याशी थोडी वादावादी पण करतो आणि घरी येऊन सांगतो की मला काही झालेलं नाही, गाडीचंच वाटोळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही. किंवा तिसऱ्या दिवशी कंबरेतून कळ निघते ती पार पोटरीपर्यंत. असं भरपूर लोकांचं होतं, कारण धडकेच्या वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं त्यात दुखणं जाणवत नाही, आणि सूज चढायला, स्नायू आखडायला एक-दोन दिवस जातात. त्यामुळे "तेव्हा दुखलं नाही म्हणजे अपघाताचं नसणार" हे डोक्यातून काढून टाका. पण दुखतंय म्हणजे गादी गेलीच, हेही खरं नाही, अपघातानंतरच्या मान-कंबर दुखीत बहुतेक वेळा स्नायू आणि लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारे पट्टे) ताणले गेलेले असतात आणि ते काही आठवड्यांत उतरतं.

मग गादीचं आहे हे ओळखायचं कसं? माझं सरळ मत असं की तुमची तक्रार, डॉक्टरांची हातांनी केलेली तपासणी आणि एमआरआय या तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तरच गादीवर खापर फोडायचं. नुसता रिपोर्ट वाचून घाबरायचं नाही आणि नुसतं दुखतंय म्हणून निदानही करून टाकायचं नाही.

त्याआधी घाईच्या गोष्टी, ह्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अपघाताच्या जागीच मान जोरात दुखत असेल, हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हात-पाय हलवायला जड जात असेल तर हलू नका, कोणाला ओढून बाहेर काढू देऊ नका (आग किंवा तसा दुसरा धोका असेल तर गोष्ट वेगळी), अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघा. वय ६५ किंवा पुढे असेल, गाडी पलटी झाली असेल, माणूस बाहेर फेकला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी मानेचा फोटो काढून घ्यावाच लागतो.

नंतरच्या दिवसांत लघवी तुंबणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटणं, दोन्ही पायात कळा, पाऊल लुळं पडल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कंबरेच्या खालच्या भागातला नसांचा पूर्ण जुडगाच दाबला गेला की असं होतं, त्याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं, साधारण ४८ तासांच्या आत व्हावं असं सर्जन धरतात. लाज वाटते म्हणून लघवीचं सांगायला लोक मागेपुढे करतात, प्लीज करू नका. मानेच्या बाबतीतही अशीच एक खूण आहे: शर्टाची बटणं लावता न येणं, अक्षर अचानक बिघडणं, चालताना तोल जाणं, मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं. ही नुसती नस नाही, मज्जारज्जू दाबला जातोय याची चिन्हं असू शकतात.

आता गादी म्हणजे काय ते बघू, थोडंच सांगतो पण ते कळल्याशिवाय रिपोर्ट कळत नाही.

मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ हलणारे मणके आणि त्यांच्यामध्ये व शेवटच्या मणक्याखाली मिळून एकूण २३ गाद्या (मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते). प्रत्येक गादी टायरसारखी, बाहेर तिरप्या धाग्यांचे थरावर थर, एका थरातले धागे एका बाजूला तिरपे तर पुढच्या थरातले उलट बाजूला, आणि आत पाणीदार जेल. बाहेरच्या कड्याला अ‍ॅन्युलस म्हणतात, आतल्या जेलला न्यूक्लिअस. गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच म्हणून ती भरून यायला वेळ घेते, आणि दुखणं कळवणाऱ्या नसा फक्त कड्याच्या बाहेरच्या थरांत असतात, त्यामुळे आतल्या बाजूला बारीक चीर गेली तर ती कळतही नाही. आणि गादी वरखालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते. ती जागची निघून कुठे जात नाही. म्हणून "एका झटक्यात गादी जागेवर बसवून देतो" असं कोणी म्हणालं तर लांबूनच नमस्कार करा. अपघातानंतर फ्रॅक्चर नाही हे पक्कं झाल्याशिवाय मानेला झटके देऊन घेणं हा तर जिवाशी खेळ आहे.

धडकेत काय होतं? मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते पण डोकं आहे तिथेच राहतं, आणि पहिल्या साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मानेला इंग्रजी एस सारखा बाक येतो, खालचे मणके मागे झुकतात आणि वरचे पुढे. मग डोकं मागे जातं, मग झटक्याने पुढे. आपण हे कळून स्नायू घट्ट करेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. त्या क्षणी मान एका बाजूला वळलेली असेल, म्हणजे आरशात बघत होतात किंवा शेजारच्याशी बोलत होतात, तर ताण एका बाजूला जास्त येतो. म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, धडक कुठून बसली, डोकं कुठे वळलं होतं, बेल्ट होता का, हेडरेस्ट किती उंचीवर होता, ब्रेकवर पाय दाबून धरला होता का. समोरून धडकेत कंबर सीटबेल्टवर दुमडते, त्यात वाकणं आणि दाब एकदम येतं. आणि हे पण लक्षात ठेवा की अगदी तरुण निरोगी गादी नुसत्या सरळ दाबाने सहसा फुटत नाही, त्याआधी मणक्याच्या टोकाची हाडाची प्लेट मोडते, गादी फाटायला दाबासोबत वाकणं-पिळणं लागतं आणि बहुतेक वेळा ती आधीच थोडी झिजलेली असते. हा मुद्दा पुढे इन्शुरन्सच्या वेळी डोकं खाणार आहे.

रिपोर्टमधले शब्द असे असतात. बल्ज म्हणजे गादीची कड सगळीकडून थोडी बाहेर आलीय. प्रोट्रूजन म्हणजे एका जागी फुगवटा आलाय पण त्याचा पाया रुंद आहे. एक्सट्रूजन म्हणजे आतला भाग कडा फोडून बाहेर आलाय. सिक्वेस्ट्रेशन म्हणजे तुकडा सुटून वेगळा पडलाय. अ‍ॅन्युलर टिअर किंवा फिशर म्हणजे कड्याला चीर. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय, एमआरआयवर ती काळी दिसते, आणि हे बहुतेक वयाचं असतं, अपघाताचं नाही. "इंडेंटिंग द थीकल सॅक" असं लिहिलेलं असलं की लोकांना धडकी भरते, त्याचा अर्थ मज्जारज्जू आणि नसांभोवतीच्या पिशवीला फुगवटा टेकलाय इतकाच. त्यापुढे नस दबल्याचं म्हणजे "नर्व्ह रूट कम्प्रेशन" असं लिहिलंय का, आणि कोणत्या बाजूला, ते बघा. तुमचा डावा पाय दुखतोय आणि रिपोर्टात उजवीकडचा फुगवटा आहे तर तो फुगवटा तुमचा गुन्हेगार नाही!

आता थोडे आकडे, कारण हे आकडे माहीत असले की रात्रीची झोप लागते. १९९४ साली अमेरिकेत ९८ अशा लोकांच्या कंबरेचा एमआरआय काढला ज्यांना कंबरदुखी नव्हतीच, त्यातल्या ५२ टक्के लोकांत कुठे ना कुठे बल्ज निघाला आणि २७ टक्क्यांत प्रोट्रूजन. एक्सट्रूजन मात्र फक्त १ टक्का. २०१५ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांतही सुमारे ३० टक्क्यांत बल्ज होता आणि ऐंशीतल्या लोकांत ८४ टक्क्यांत. म्हणजे तुमच्या रिपोर्टात बल्ज आला तर तो अपघाताच्या आदल्या दिवशीही तिथे असू शकतो. एक्सट्रूजन आणि त्याच नसेच्या पट्ट्यात कळ असेल तर मात्र मामला वेगळा, ते गंभीरपणे घ्या.

नसेचा पट्टा कसा ओळखायचा, हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं कारण हे घरबसल्या बघता येतं. मणके वरून खाली मोजतात, मानेचे सी वन, सी टू असे, कंबरेचे एल आणि त्याखालच्या हाडाचे एस. मानेत सगळ्यात जास्त त्रास सी फाइव्ह-सी सिक्स आणि सी सिक्स-सी सेव्हन या गाद्यांचा. पहिल्या गादीने सी सिक्स नस दुखावते, कळ दंडावरून अंगठ्याकडे जाते. दुसरीने सी सेव्हन, मधल्या बोटाकडे जाते आणि हाताने ढकलताना जोर कमी पडतो, उदाहरणार्थ जड दार ढकलताना किंवा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना. करंगळीकडे मुंग्या असतील तर सी एट. मानेची नस दबलेल्या काही लोकांना हात उचलून डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, त्याने नसेवरचा ताण ढिला होतो. तुम्ही नकळत असं बसत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांच्यासाठी ती मोठी हिंट आहे.

कंबरेत एल फोर-एल फाइव्ह आणि एल फाइव्ह-एस वन. पहिलीने सहसा एल फाइव्ह नस, कळ मांडीच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि पायाच्या अंगठ्याकडे. दुसरीने एस वन, पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे. आता भिंतीजवळ उभे राहा, आधाराला हात ठेवा आणि टाचांवर दहा पावलं चाला. एका बाजूचा पंजा खाली पडत असेल तर एल फाइव्हचा संशय (कधी एल फोर). मग एका पायावर उभं राहून चवड्यावर दहा वेळा वर-खाली करा, दुसऱ्या पायाने पण करा, एक बाजू चौथ्या-पाचव्यालाच थकली तर एस वन. दुखतंय म्हणून होत नाही की ताकदच नाही, यातला फरक स्वतःशी प्रामाणिकपणे बघा. रोज एकदा करून लिहून ठेवा. ताकद दिवसागणिक कमी होतेय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, पुढच्या आठवड्यात नाही.

गादीच्या दुखण्याची आणखी एक ढब असते. बसलं की वाढतं, पुढे वाकलं की वाढतं, खोकला-शिंक आली की कळ पायात जाते, आणि उभं राहिलं, थोडं चाललं की बऱ्याचदा हलकं होतं. उलट फक्त मागे वाकल्यावर किंवा एकाच बोटाएवढ्या जागेवर दाबल्यावर दुखत असेल तर मणक्यामागचे छोटे सांधे किंवा स्नायू असण्याची शक्यता जास्त. हे काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण दिशा कळते.

डॉक्टरकडे गेल्यावर ते सरळ पाय उचलून बघतील, ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली कळ गेली तर नस ताणली जातेय असं धरतात. हातोडीने गुडघा आणि घोट्याचे झटके, टाचणीने किंवा कापसाने स्पर्श, बोटांची-पावलांची ताकद. ज्या डॉक्टरने हात न लावता थेट एमआरआय लिहून दिला आणि तो बघून ऑपरेशन सांगितलं तिथे थांबा आणि दुसरं मत घ्या, हे मी कितीही वेळा सांगेन.

तपासण्यांचं सांगायचं तर एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, हाडं आणि मधली जागा दिसते. "एक्स-रे नॉर्मल आलाय, तुला काही झालं नाही" याला त्यामुळे गादीपुरता काही अर्थ नाही. सीटी स्कॅन फ्रॅक्चरसाठी बेस्ट. गादी आणि नस बघायला एमआरआय. पण ताकद कमी होणं किंवा वर सांगितलेली धोक्याची चिन्हं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा घाई नसते, कारण त्याने उपचार बदलत नाहीत. ईएमजी-एनसीव्ही म्हणजे नसांची करंटची टेस्ट फार लवकर केली तर नॉर्मल येऊ शकते, साधारण तीन आठवड्यांनी जास्त कळतं.

आता बरं होण्याबद्दल. गादीचा तुकडा नसेवर दाबतो म्हणून पाय दुखतो हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन सर्जननी मांडलं आणि मग कितीतरी वर्षं सगळा भर तुकडा काढण्यावरच राहिला. नंतर कळलं की नुसता दाब नाही, आतलं जेल बाहेर आलं की ते नसेला रासायनिक चटके देतं, सूज आणतं, म्हणून छोटा तुकडा पण भयंकर दुखू शकतो आणि सूज उतरली की तुकडा तिथेच असून दुखणं जातं. आणि गंमत म्हणजे शरीर तो बाहेर पडलेला भाग परका समजून खाऊन टाकतं. जितका मोठा आणि सुटा तुकडा तितकी विरघळण्याची शक्यता जास्त, २०१५ च्या एका आढाव्यात सुट्या तुकड्यांत ९६ टक्के, एक्सट्रूजनमध्ये ७० टक्के, प्रोट्रूजनमध्ये ४१ आणि नुसत्या बल्जमध्ये १३ टक्के इतक्या केसेसमध्ये फुगवटा आपोआप कमी झालेला दिसला. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरते.

त्या काळात करायचं काय, तर पडून राहायचं नाही. फार दुखत असेल तर एखाद-दोन दिवस आराम ठीक, त्यापुढे झोपून राहिलात तर स्नायू जातात आणि भीती बसते. मानेचा पट्टा कोणी दिला तर किती दिवस घालायचा ते विचारून घ्या, फ्रॅक्चर नसेल तर आठवडेच्या आठवडे घालण्यात नुकसानच. थोडं थोडं चाला, दिवसातून पाच-सहा वेळा दहा मिनिटं हे एकदम तासभर चालण्यापेक्षा बरं. अर्धा तास बसलात की उठा. पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाली सोडा आणि हाताने ढकलत वर या. झोपताना कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. वजन उचलणं, वाकून पिळून काही काढणं (गाडीच्या मागच्या सीटवरची बॅग पुढे बसून ओढणं हा तर क्लासिक घात) हे काही आठवडे बंद.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको, कारण एकाला मागे वाकायचे व्यायाम लागू पडतात तर दुसऱ्याला त्यानेच कळ वाढते. नियम एकच लक्षात ठेवा, व्यायामानंतर पायातली कळ वर सरकत कंबरेकडे आली तर चांगलं चाललंय, भले कंबर थोडी जास्त दुखो. कळ आणखी खाली पावलाकडे उतरली तर तो व्यायाम थांबवा आणि सांगा. हाताचंही तसंच.

गोळ्यांमध्ये सूज-दुखीच्या गोळ्या थोडे दिवस, पण अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारायचं. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगॅबॅलिन सर्रास लिहून देतात, पण २०१७ मध्ये सायटिकाच्या (कंबरेतून पायात उतरणारी नसेची कळ) पेशंटवर झालेल्या चाचणीत तिचा साध्या डमी गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. एपिड्युरल इंजेक्शनने (मणक्यात नसांजवळ देतात ते) काही जणांना काही आठवडे चांगला आराम पडतो, तेवढ्या वेळात व्यायाम सुरू करता येतो, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा.

ऑपरेशन? ताकद जात असेल किंवा लघवी-संडासचा प्रश्न असेल तर विचार करत बसू नये. नुसती कळ असेल आणि दीड-दोन महिने सगळं करून सहन होत नसेल तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे, त्याचा बाऊ नको. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायदुखी पटकन गेली पण वर्षाच्या शेवटी वाट बघणारे आणि ऑपरेशनवाले दोघेही सारखेच, दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झालेले, आणि वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधे ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे इथे प्रश्न तुम्हाला कळ किती दिवस सोसवते याचा आहे. आणि एक, ऑपरेशनने पायाची-हाताची कळ जाते, नुसती कंबरदुखी त्याने जाईलच असं धरून चालू नका.

इन्शुरन्स किंवा भरपाईचा विषय असेल तर पहिल्या दिवसापासून तारखेनिशी लिहून ठेवा: कुठे दुखलं, कधी सुरू झालं, काय करता आलं नाही. डॉक्टरकडे लवकर जा, कारण महिनाभराने गेलात तर "मधे काय झालं असेल कोणास ठाऊक" असं म्हणायला जागा मिळते. समोरचे "झीज आधीचीच आहे" म्हणणारच, त्याला उत्तर म्हणून आधीचे रिपोर्ट, आधी कंबर किंवा मान दुखत नव्हती याच्या नोंदी आणि डॉक्टरांनी केलेली नसेची तपासणी कामाला येते. झीज होती हे लपवू नका, झीज होती पण त्रास नव्हता आणि धडकेनंतर सुरू झाला हे जास्त खरं आणि जास्त टिकणारं म्हणणं आहे. फिल्मसोबत स्कॅनची डिजिटल कॉपी मागून घ्या, दुसरं मत घेताना नुसत्या कागदावर कोणी काही सांगू शकत नाही.

परत गाडी कधी चालवायची? मान दोन्हीकडे वळवून मागचं बघता येतंय का, जोरात ब्रेक दाबताना पाय दगा देत नाही ना, आणि गोळ्यांनी झापड येत नाही ना, तिन्हीचं उत्तर नीट असेल तेव्हा, डॉक्टरांना विचारून. बसण्याआधी हेडरेस्ट डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत आणा आणि डोक्याच्या शक्य तितका जवळ ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो मानेच्या मागे खाली दाबून ठेवलेला असतो आणि तिथे त्याचा काही उपयोग नाही.